आभाळातला तहसीलदार

"तो बघा, पंचसाहेब. पाण्याच्या टाकीवरनं सरळ वर या, मग दोन बोटं डावीकडं. दिसला?"

मी टाकीवरून सरळ वर गेलो आणि दोन बोटं डावीकडे सरकलो. तिथे आभाळ होतं. एप्रिल महिन्यातलं मिरजेचं आभाळ. त्याच्याकडे बघताना आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडला असावा असं वाटू लागतं.

"हं," मी म्हणालो.

"हं म्हणजे? दिसला का न्हाई?"

"दिसल्यासारखा वाटतोय."

"वाटायला ती काय थंडी हाय?" हणमंताण्णा चौगुले हसले आणि हसता हसता खोकले. "लिहा, दिसला म्हणून."

मी लिहिलं. गच्चीवर आठ-दहा माणसं होती. सगळ्यांनी कपाळावर आडवे हात धरले होते आणि सगळे "दिसला, दिसला" म्हणत होते. एवढ्या लोकांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही असं म्हणायला धैर्य लागतं. माझं धैर्य निवृत्तीच्या दिवशी कचेरीतच राहिलं होतं.

तहसीलदार म्हणजे कबूतर. अण्णा आपल्या कबुतरांना सरकारी हुद्दे देत. मामलेदार होता, फौजदार होता, एक सर्कलीणबाई होत्या. तहसीलदार हे नाव का, असं मी विचारलं होतं. "एकदा वर गेला की लवकर खाली येत न्हाई, आणि खाली काय चाललंय ते बघत न्हाई," असा खुलासा मिळाला.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी गावातली कबुतरं उडवण्याची शर्यत होती. पहाटे कबूतर सोडायचं. दिवसभर उडून जे सर्वांत शेवटी आपल्या गच्चीवर उतरेल ते जिंकलं. पण वर गेलेलं कबूतर एखाद्या चिंचेवर बसून झोप काढत नाही कशावरून? म्हणून नियम असा की, तासातून एकदा तरी ते आभाळात पंचाला दिसलं पाहिजे. प्रत्येक गच्चीवर एक पंच. आदल्या वर्षीचे पंच सगळे कबूतरवाले होते, त्यामुळे शर्यत दवाखान्यात संपली होती. या खेपेला समितीने ठरवलं की, ज्याला कबुतरातलं काहीही कळत नाही असाच पंच नेमायचा. या विषयात माझ्या तोडीचा अज्ञानी गावात दुसरा सापडला नाही.

माझं नाव समितीला कुणी सुचवलं ते मला ठाऊक होतं. अण्णांच्या बायकोनं, गंगाक्कानं. आमची भिंतीला भिंत. शर्यतीच्या दोन दिवस आधी ती शेंगदाण्याची चटणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"साहेब, तुम्ही आभाळात बघू नका. तुम्ही ह्यांच्याकडं बघा. ह्यांना दिसतंय का, तेवढं बघून सांगा."

"अण्णांना? अहो अक्का, त्यांच्या नजरेची तर सगळं गाव शपथ घेतं."

"गाव बघतंय लांबनं. मी बघते जवळनं." ती आत येऊन बसली. "भर दुपारी पाण्याचा तांब्या समोर ठेवला तर हात शेजारी घालतात. परवा रस्त्यात सख्खा जावई नमस्कार करतोय, तर ह्यांनी त्याला 'पुढं जा बाबा' म्हणून सांगितलं."

"मग दिसत नाही त्यांना. सरळच आहे."

"सरळ कुठलं? तिन्हीसांजेला माझ्या गळ्यातल्या पोतीत केस अडकला, तो ह्यांनीच काढला. ढाबळीत शिरले की त्या अंधारात साठ कबुतरं नावानिशी ओळखतात. मी काही बोलायला गेले की म्हणतात, आंधळ्यानं केस काढला व्हय गं?"

"डॉक्टरांना दाखवा की. मिरजेत डॉक्टरांना काय तोटा?"

"तोटा न्हाई तेच वाईट." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "ह्यांच्या डोळ्यांत औषधाचा थेंब पडला, तर तो गालावर यायच्या आत बातमी मार्केटात पोचायची. म्हणतात, माझं नाव डोळ्यांवर हाय. डोळे दाखवले की नाव गेलं. आणि साहेब, आमच्या गच्चीला मागल्या अंगाला कठडा न्हाई. जिन्याला पण न्हाई. दिवसातनं धा वेळा वर-खाली करतात. मी खाली भाकरी थापत असते आणि कान वर असतो माझा."

मला कुतूहलाचा जुना विकार आहे. पहाटेपासून मी गच्चीवर आभाळाकडे पाठ करून बसलेला बहुधा एकमेव पंच असेन.

बघण्यासारखं पुष्कळ होतं. अण्णा ढाबळीच्या उंबऱ्याशी थांबत आणि मगच उन्हात पाऊल टाकत. थंड नदीत उतरताना माणूस थबकतो, तसे. आत अंधारात ते राजे होते. दोन खणांच्या फटीत अडकलेलं बारीकसं पीस त्यांनी मला बोटानं काढून दाखवलं, ते मला चष्मा लावून दिसेना. बाहेर उन्हात आले की त्यांची बोटं हळूच भिंतीला लागत. चेहरा गेल्या काही वर्षांत चांगला गोल गरगरीत झाला होता. लोक म्हणत, अण्णांना कबुतरं मानवली. छाती मात्र मानवली नव्हती. चार पायऱ्या चढले की भाता सुरू. मग गंगाक्का भांड्यातून पाणी आणि तळहातावर एक चिमुकली पांढरी गोळी घेऊन यायची. अण्णा ती शेंगदाण्यासारखी तोंडात टाकत.

आणखी एक पाहिलं. कबूतर दाखवण्याआधी अण्णा वर बघत नसत. आधी ओल्या बोटानं वारा बघत, मग उन्हाची धग कुठल्या गालावर लागते ते बघत, मग क्षणभर डोळे मिटत. आणि मग हात वर जाई. चाळीस वर्षांचा अनुभव होता. या वाऱ्याला, या घटकेला तहसीलदार कुठे असायला हवा, ते त्यांना पाठ होतं. सकाळभर तो बिचारा बहुधा असायचाही तिथेच.

दहाच्या सुमाराला मी एक वात्रटपणा केला.

"अण्णा, तो काय तिकडे? देवळाच्या बाजूला?" मी रिकाम्या आभाळात बोट केलं.

"हां, तोच की. तयार झालात की ओ पंचसाहेब!"

"का तो, रेल्वेच्या बाजूला?"

अण्णा किंचित थांबले. "तोबी तोच. गिरकी घेतली त्यानं."

मी हसलो नाही. गच्चीवरचं दुसरं कुणीही हसलं नाही. एक पोक्त गृहस्थ म्हणाले, "काय गिरकी घेतली पण!"

अकरा वाजता दस्तगीर शिकलगार आले. सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं त्यांचं दुकान, आणि जिभेलाही रोज तीच सहाण. त्यांची 'सुलताना' ही अण्णांची खरी प्रतिस्पर्धी. दोघांची पंधरा-वीस वर्षांची चुरस, आणि तेवढ्याच वर्षांचा एकत्र चहा.

"या दस्तगीर. सुलताना उतरली वाटतं?"

"उतरायला ती काय एस्टी हाय? वर हाय. म्हटलं तहसीलदार कुठं हाय ते बघून यावं. दौऱ्यावर का रजेवर?"

"जेवायला गेलाय तुझ्या घरी," अण्णा म्हणाले. "पंचसाहेब, ह्याला दाखवा."

"मी कसा दाखवणार?" मी घाईने म्हणालो. "तुम्हीच दाखवा."

अण्णांनी बोट ओलं केलं. डोळे मिटले. हात वर गेला. "तो बघ, दर्ग्याच्या अंगाला. पंख कसे मारतोय बघ, ताजा! संध्याकाळपातूर खाली येत न्हाई आज."

सगळ्यांनी माना वर केल्या. मी सवयीप्रमाणे खाली बघत होतो, म्हणून मला ते सर्वांत आधी दिसलं.

तहसीलदार खाली आला होता. केव्हा आला कुणास ठाऊक. गच्चीला उन्हासाठी चुना फासला होता. त्या पांढऱ्या झगझगीत फरशीवर, अण्णांच्या पायांपासून दोन हातांवर, ते राखाडी पाखरू चोच उघडून धापा टाकत उभं होतं. मग तहसीलदार शांतपणे चालत पाण्याच्या परळाशी गेला आणि पाणी प्यायला.

एकेक मान खाली आली.

"आणि चढला बघ!" अण्णा म्हणाले. "दस्तगीर, तुझी सुलताना अशी चढंल का?"

दस्तगीरनं पाखराकडे बघितलं, मग अण्णांकडे. तो क्षण त्यांच्या विजयाचा होता. पंधरा वर्षं वाट बघितलेला. त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "हां अण्णा. दिसतंय. भारी चढला."

मग माझ्या कानाशी वाकून ते पुटपुटले, "पंचसाहेब, तुम्ही बोला. माझ्या तोंडनं नको."

एवढ्यात गंगाक्का ताक घेऊन जिना चढून आली. तिनं पाखरू पाहिलं, नवऱ्याचा वर गेलेला हात पाहिला, आणि पेल्यांचं ताट घेऊन ती तिथेच उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. आता ते अण्णांना द्यायचं होतं.

"अण्णा," मी म्हणालो, "वर आहे तो कोण?"

"कोण म्हणजे? तहसीलदार."

"मग हा पाणी पितोय तो कोण?"

अण्णांचा हात आभाळातच राहिला. ते पायांकडे बघू लागले. सगळीकडे बघितलं, पण पाखरू होतं तिथे सोडून. तेवढ्यात तहसीलदारानं पंख फडफडवले. अण्णा त्या आवाजाकडे वळले, गुडघे टेकले, फरशीवरून हात फिरवत पुढे सरकले. पाखरू हललं नाही. हात ओळखीचा होता. अण्णांनी ते उचललं, ओंजळीत तोललं, अंगठ्यानं छातीचं हाड चाचपलं.

"त्योच हाय," ते म्हणाले.

पाखरू त्यांनी छातीशी धरलं.

"दस्तगीर, जिंकलास. पंचसाहेब, लिहा. कधी उतरला ते माझ्यावर सोडू नका, मला म्हाईत न्हाई." मग बराच वेळ ते पाखराच्या मानेवरून बोट फिरवत राहिले. "दोन वर्षं झाली. ऊन पडलं की सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं होतंय बघा. ह्यातलं कायबी दिसत न्हाई मला. तुम्हीबी दिसत न्हाई."

दस्तगीरनं कंबरेचा रुमाल सोडून तोंड पुसलं. "उठा. गाडी काढतो. डॉक्टरकडं."

"मिरजेत न्हाई."

"बरं, सांगलीत. पण आत्ता."

गच्ची सोडून जाणाऱ्या पंचाला समितीने पुढे आजन्म बंदी घातली. आयुष्यात माझ्यावर झालेली एवढीच काय ती कारवाई.

सांगलीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात शिरलो, तर बाकावर निम्मी मिरज बसलेली. कुणी बातमी नको म्हणून आलं होतं, कुणी सुनेला कळायला नको म्हणून. सगळ्यांनी आम्हाला बघितलं आणि सगळ्यांनी न बघितल्यासारखं केलं. इतकं सोयीचं आंधळेपण मी पुन्हा कुठे अनुभवलं नाही.

डॉ. प्रमिला मगदूम या पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई. त्यांनी खोलीतला दिवा मंद केला आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अण्णांनी घडाघडा वाचली. खालून दुसरी ओळसुद्धा. वाचून झाल्यावर छाती पुढे काढून ते दस्तगीरकडे वळले.

"बघितलंस? उगंच उन्हातान्हात आणलंस."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा दिवा अण्णांच्या तोंडासमोर ओढला आणि लावला. "आता वाचा."

अण्णांनी तोंड उघडलं.

"वरची ओळ वाचा. मोठं अक्षर."

"भिंतच न्हाई," अण्णा हळूच म्हणाले.

बाईंनी दिवा विझवला. भिंत परत आली. पुन्हा लावला, गेली. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो होतो. एखाद्याची नजर बटणानं लावता-विझवता येते, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

"डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मधोमध, मोतीबिंदू धरलाय," त्या म्हणाल्या. "उजेडात बाहुली बारीक होते आणि त्या डागाएवढीच उरते. अंधारात मोठी होते, मग डागाच्या कडेनं दिसतं. वयाचा मोतीबिंदू बहुतेक वेळा असा नसतो. तुम्ही कुठलं औषध घेता?"

"औषध कसलं? कायबी न्हाई."

"दम्याची गोळी घेतात," गंगाक्का म्हणाली.

"ती व्हय? ती एवढीशी हाय ओ. तिला काय औषध म्हणायचं?"

"कधीपासून?"

अण्णांनी बायकोकडे बघितलं. "आपली सुमन शाळंत होती न्हवं?"

"सातवीत," गंगाक्का म्हणाली. "आता तिची लेक शाळेत जाती."

बाईंचं पेन थांबलं. "रोज?"

"रोज. डॉक्टर आपट्यांनी पंधरा दिवसांसाठी दिली होती. पण अशी लागू पडली, अशी लागू पडली, की म्हटलं चांगल्या गोष्टीला पंधरा दिवसांत कशाला सोडायचं?"

"आपट्यांना पुन्हा विचारलं नाहीत?"

"ते वारले की."

"मग गोळ्या कोण देतं?"

"दुकानदार. मला बघितलं की पट्टी काढून ठेवतो. चिठ्ठीबिठ्ठी कोण मागतंय? घरचा माणूस हाय."

"ती स्टेरॉइडची गोळी आहे, अण्णा."

अण्णांच्या चेहऱ्यावर एकदम अभिमान आला. "पैलवान घेतात त्यातली?"

"ते वेगळं. ही सूज उतरवते. छाती मोकळी करते, जीवसुद्धा वाचवते. पण वर्षानुवर्षं, कुणी न तपासता घेतली तर डोळ्यांत असा मोतीबिंदू होऊ शकतो. चेहराही असा गोल होतो. आणि आणखी एक करते. थांबा."

त्यांनी यंत्रासमोर बसवून दोन्ही डोळ्यांतला दाब मोजला. मग पडद्यावर चमकणारे ठिपके दाखवून दिसला की बटण दाबायला सांगितलं. उजव्या डोळ्याला अण्णा टकाटक बटण दाबत होते. डाव्या डोळ्याच्या वेळी मात्र मध्येच लांब शांतता पडायची. ठिपके चमकत होते. मला दिसत होते, दस्तगीरना दिसत होते. अण्णा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होते.

"मोतीबिंदू काढता येईल," बाई शेवटी म्हणाल्या. "भिंग बदललं की ऊन पुन्हा ऊन दिसेल. पण डाव्या डोळ्यात दाब वाढून नजरेची कडा गेली आहे. काचबिंदू म्हणतात याला. तो दुखत नाही, काही नाही. गुपचूप कडेनं खात येतो. गेलंय ते परत येणार नाही. राहिलंय ते राखायचं. थेंब रोज घालायचे, आणि दाब तपासत राहायचा."

"गोळी आजपासनं बंद!" अण्णांनी मांडीवर थाप मारली.

"खबरदार," बाई पहिल्यांदाच जोरात बोलल्या. "एकदम बंद केलीत तर तुम्ही आडवे व्हाल. इतक्या वर्षांत शरीराला तिची सवय झालीय. छातीच्या डॉक्टरांना दाखवा, ते बघून हळूहळू कमी करतील. आणि मुळात हा दमा कशाचा, तेही त्यांना शोधू दे. घरात पक्षी आहेत का?"

"पक्षी न्हाईत," अण्णा म्हणाले. "कबुतरं हायत."

"किती?"

दस्तगीर जमिनीकडे बघत होते. गंगाक्का पदराचं टोक पिळत होती. मी छताचा पंखा तपासला.

"थोडी," अण्णा म्हणाले.

छातीच्या डॉक्टरांनी ते थोडंसुद्धा चालणार नाही म्हणून सांगितलं. कबुतरांची धूळ छातीत, छातीसाठी गोळी, गोळीनं डोळे, आणि डोळे कशासाठी तर कबुतरांसाठी. ते ऐकून अण्णा चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी दस्तगीरची हातगाडी दारात आली. कबुतरं पाटीत भरताना अण्णा प्रत्येकाचा हुद्दा सांगत होते आणि दस्तगीर, लग्नातली देणीघेणी समजून घ्यावीत तसे, मान हलवत होते. कोणाला बाजरी चालत नाही. कोण रुसतं. तहसीलदाराला ते म्हणाले, "बदली झाली तुमची," आणि आत गेले.

पावसाळ्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दिवाळीनंतर दुसऱ्याचं. गोळी निम्मी झाली, मग पाव. चेहरा उतरला. लोक म्हणू लागले, अण्णा खराब झाले.

दस्तगीरनं त्या पाखरांचे पंख दोन महिने बांधून ठेवले, दाणे घातले, नवी ढाबळ ओळखीची करून दिली. मग एके दिवशी सोडली. ती चक्कर मारून सरळ अण्णांच्या गच्चीवर आली. दस्तगीर येऊन घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. गच्चीवर कुणी बघायला आलं, कुणी दाणे टाकायला आलं की ती तिथेच राहत. कुणी नसलं की थोडं थांबून दस्तगीरच्या ढाबळीत परत जात. हे अण्णांना लवकर कळलं.

जानेवारीत एका दुपारी मी सहज त्यांच्याकडे गेलो, तर ते गच्चीवर एकटेच उभे होते. लख्ख ऊन. कपाळावर हात नाही, भिंतीला बोट नाही. मला हातानं थांबवत ते आभाळात बघत होते. मीही बघितलं. काही नव्हतं.

"आली," ते म्हणाले.

"कुठे?"

"रेल्वेच्या पलीकडं. तुम्हाला दिसायला वेळ लागंल. चला, खाली चला."

आम्ही खाली आलो. अण्णांनी गच्चीचं दार लावून कडी घातली, स्वयंपाकघरात जाऊन खिडकी ओढून घेतली आणि जमिनीवर भिंतीला टेकून बसले. गंगाक्कानं रोजच्यासारखं भाकरी थापणं थांबवलं. थोड्या वेळानं वर पंखांचा आवाज झाला. एक, मग पुष्कळ. मग ढाबळीच्या पत्र्यावर नखांची टकटक सुरू झाली, इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"पान वाढू का?" गंगाक्का हळूच म्हणाली.

"थांब," अण्णा म्हणाले. "जाऊ देत त्यांना."